जुन्या सागाचे कपाट आणि पुण्याची हवा

प्रश्न : आमचा शनिवार पेठेतील वाडा पुनर्विकासासाठी पाडला, तेव्हा त्यातील सागाच्या काही तुळया मी ठेवून घेतल्या. सदनिकेची बंदिस्त केलेली बाल्कनी हीच माझी कार्यशाळा आहे. या लाकडाचे ७ फूट उंच, ४ फूट रुंद आणि दोन दारांचे कपडे ठेवण्याचे कपाट करण्याचा विचार आहे. लाकूड इतके जुने असल्यामुळे ते आता हलणार नाही, तेव्हा फळ्यांना फळ्या चिकटवून दारे एकसंध करावीत, असे सर्वजण सुचवतात. तसे करावे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तसे करू नये. ओले लाकूड वाळताना त्याला पीळ पडतो किंवा बाक येतो, ती धास्ती जुन्या सागात फारशी उरलेली नसते, हे खरे. परंतु दमट हवेत फुगणे आणि कोरड्या हवेत आकसणे हा लाकडाचा गुण वयाने जात नाही. पुण्यात एप्रिलमधल्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता बहुधा ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास राहते, त्यामुळे घरातल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण वर्षभरात सुमारे ५ टक्क्यांनी खालीवर होते, असे धरून चालावे. फळीच्या लांबीत या फरकाचा परिणाम नगण्य असतो. जे काही घडते ते रुंदीत. पाण्याच्या प्रमाणात १ टक्का फरक पडला, की सपाट चिरलेली सागाची फळी आपल्या रुंदीच्या साधारण ०.१९ टक्के वाढते किंवा घटते. आपले प्रत्येक दार ६०० मिलिमीटर रुंद आहे. ते एकसंध केल्यास उन्हाळा ते पावसाळा या काळात साडेपाच मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. दोन्ही दारांचे मिळून ११ होतात आणि दोन दारांमध्ये आपण फट ठेवतो ती जेमतेम २-३ मिलिमीटरची. मग पावसाळ्यात दार अडकते म्हणून त्याची कड रंध्याने उतरवली जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच फटीतून आतले कपडे दिसू लागतात.

यावरचा जुना आणि आजही सर्वोत्तम उपाय म्हणजे चौकट आणि तिच्यात सैल बसवलेले पॅनेल. चौकटीच्या उभ्या पट्ट्या ७० मिलिमीटर रुंद घ्याव्यात, आडव्या पट्ट्या कूस आणि खोबण करून (आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ उभ्या पट्टीतल्या खोबणीत) त्यांत बसवाव्यात आणि ७ फूट उंचीच्या दाराला मध्ये एक आडवी पट्टी अवश्य द्यावी. अशा दाराची बाहेरची रुंदी केवळ दोन उभ्या पट्ट्यांइतकीच हलते, म्हणजे वर्षभरात सव्वा-दीड मिलिमीटर, आणि तेवढे फटीत सहज मावते. पॅनेलसाठी चौकटीच्या आतल्या कडांना १० मिलिमीटर खोल खाच पाडावी आणि पॅनेलला तिच्यात गोंद लावू नये; फार तर वरच्या आणि खालच्या कडेला अगदी मधोमध एकेक थेंब लावावा, म्हणजे ते खडखडणार नाही आणि दोन्ही बाजूंना सारखे सरकेल. काम कोरड्या दिवसांत करीत असाल, तर पॅनेलच्या दोन्ही बाजूंना खाचेत ३-३ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते : पॅनेलला चौकटीत बसवण्यापूर्वीच कडांसह पूर्ण पॉलिश करून घ्यावे, नाहीतर ते आकसल्यावर चौकटीलगत बिनपॉलिशची फिकट रेघ उघडी पडते आणि नंतर ती झाकता येत नाही.

आता लाकडाविषयी. तुळया कारखान्यात चिरायला नेण्यापूर्वी चारही बाजूंनी लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचे पाते निकामी करण्यास पुरेसा असतो. पृष्ठभागावर बसलेला चुना तारेच्या ब्रशने आधी घासून काढावा. तो रंध्याची धार बघता बघता घालवतो. खिळ्यांची भोके आणि त्यांभोवतीचे काळपट डाग मी तरी ठेवीन. वाड्याचा साग वापरायचा आणि तो काल आणल्यासारखा दिसावा असा हट्ट धरायचा, यात मला अर्थ वाटत नाही. साग तेलकट असल्यामुळे जोडायचे भाग ताजे रंधून आणि थिनरच्या फडक्याने पुसून मगच त्यांना गोंद लावावा.

कपाटाचा सांगाडा मात्र १८ मिलिमीटर प्लायवुडचा करावा आणि साग दारांना व दर्शनी पट्ट्यांना राखून ठेवावा, असे माझे मत आहे. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवुडमधून कपाटाच्या खोलीइतके रुंद दोन भाग काढताना पात्याच्या रुंदीइतके, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर लाकूड भुशात जाते. तेव्हा खोली २४ इंच न धरता ६०० मिलिमीटर धरावी. आणखी एक हिशेब आजच करावा. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाट आडवे ठेवून जोडले, तर उभे करताना त्याच्या कर्णाला ७ फूट साडेतीन इंच जागा लागते. जागा ७ फुटांवरच्या माळ्याखाली असेल, तर कपाट वरखाली दोन भागांतच करावे लागेल.

प्रश्न : मी १८ मिलिमीटर प्लायवुडचे पुस्तकांचे कपाट केले. ३ फूट लांबीच्या फळ्यांना वर्षभरातच मध्ये झोळ आला. जाड प्लायवुड घ्यायला हवे होते का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : जाडीपेक्षा लांबीकडे लक्ष द्यायला हवे होते. फळीवर सारखीच दाटीने पुस्तके ठेवली, तर तिचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो; त्यामुळे ३६ इंचांची फळी ३० इंचांच्या फळीच्या दुप्पट वाकते. तयार कपाटात मधोमध उभी फळी घालता आली तर उत्तमच. ती नको असेल, तर प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी चिकटवावी आणि मागची कड पाठीच्या प्लायवुडला आधारपट्टी लावून टेकवावी. झोळ आलेल्या फळ्या आधी उलट्या कराव्यात आणि मग पट्टी लावावी.

प्रश्न : कपाट जुलैमध्ये तयार होईल. चपड्याचे (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे) पॉलिश लगेच करावे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : थांबता आले तर थांबावे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि पॉलिश दुधाळ दिसू लागते. तोवर धूळ आणि हाताचे डाग बसू नयेत म्हणून उघड पडलेल्या दिवशी दुपारी एकच पातळ हात आतून-बाहेरून सारखा द्यावा आणि उरलेले पॉलिश ऑक्टोबरनंतर करावे.