वाचकांचे प्रश्न : गाळून टाकलेला समुद्र

प्रश्न : मी चित्रकार आहे. भूकंपशास्त्रात काम करणारा माझा एक मित्र बरेच दिवस मागे लागलाय, 'आमच्या नोंदींवरून काहीतरी कर, आवाज असला तर उत्तमच.' त्याने एका दिवसाची फाइल पाठवली आहे. उघडली तर नुसते आकडे. सुरुवात कुठून करू? आणि खरं सांगायचं तर, त्याच्या संशोधनाला झालर लावण्यापलीकडे यात माझं काही काम आहे का?

उत्तर : दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, पण त्याचं उत्तर त्या फाइलीतच आहे. म्हणून आधी फाइल.

मित्राला विचारा, तुमचं यंत्र सेकंदाला किती नोंदी घेतं? बहुतेकदा उत्तर १०० येईल. आपण गाणी ऐकतो त्या साध्या ध्वनिफाइलीत सेकंदाला ४४,१०० आकडे वाचले जातात. तेव्हा त्याचे आकडे जसेच्या तसे ध्वनिफाइलीत ओतले की वेग आपोआप ४४१ पट होतो आणि अख्खा दिवस सव्वातीन मिनिटांत बसतो. जमीन सेकंदाला एक हेलकावा घेत असेल, तर ती ४४१ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४१ कंपनांवर ऐकू येते. पाश्चात्त्य वाद्यवृंद ज्या ४४० च्या स्वराला वाद्यं जुळवतो, त्याच्या अगदी शेजारी. हा निव्वळ योगायोग, पण मी पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्या फाइलीत तळाशी एक अखंड घूंऽऽ होती. आम्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना अशा घुंईचा भारी राग. विजेच्या तारेची असते, पंख्याची असते, दिसली की कापायची. मी १५० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाकलं. फाइल काचेसारखी स्वच्छ झाली. लहानसहान भूकंप दारावर टकटक केल्यासारखे सुटे ऐकू येऊ लागले. मोठ्या ऐटीत मी ती माझ्याबरोबर काम करणाऱ्या भूभौतिकशास्त्रज्ञ बाईंना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "समुद्र कुठे गेला?"

मी म्हटलं, कसला समुद्र? यंत्र होतं किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दोन बाण काढले. समोरासमोरून आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या की त्यांचा दाब थेट समुद्राच्या तळापर्यंत पोचतो, आणि त्याची ये-जा लाटेच्या दुप्पट वेळा होते. दहा सेकंदांनी येणाऱ्या लाटांमधून पाच सेकंदांचा कंप तयार होतो आणि तो जमिनीतून खंडभर पसरतो. पाच सेकंदांना एक म्हणजे ०.२ हर्ट्झ. त्याला ४४१ ने गुणा : ८८. माझी कापून टाकलेली घुंई नेमकी तिथे होती.

मग आम्ही लागोपाठ तीन दिवसांच्या फाइली लावल्या, काहीही न गाळता. सगळं मिळून दहा मिनिटांचं ऐकणं. दुसऱ्या दिवशी घुंई फुगत गेली. बाई म्हणाल्या, कुठेतरी वादळ आहे. घुंईचा हा आलेख त्या वीस वर्षं पाहत होत्या, कानांनी ऐकत होत्या पहिल्यांदाच. पण मला दुसरंच काही खटकत होतं. दर दिवशी ठरावीक जागी वरच्या पट्टीत एक सळसळ चढायची आणि ठरावीक जागी उतरायची. ती काय, विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "ती माणसं. वाहनं, यंत्रं, वर्दळ. आम्ही ती गाळूनच टाकतो." मी समुद्र गाळला होता, त्यांनी माणसं! आमची कलाकृती त्या वाक्यातून निघाली : एका खोलीत समुद्र, दुसरीत माणसं, मधल्या दारात दोन्ही. (याच सळसळीने पुढे बातम्यांत जागा मिळवली. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या भूकंपमापकांवर ती काही ठिकाणी निम्म्यापर्यंत खाली आली होती.)

तेव्हा मित्राला 'तुझा निष्कर्ष काय' असं विचारू नका. तो छापील स्वरूपात तयार आहे, त्याला खरोखर झालरच लागेल. 'तू काय टाकून देतोस' ते विचारा.

दुसरा मार्गही आहे. आकड्यांचा वेग वाढवायचा नाही, त्यांना स्वर नेमून द्यायचे. जॉन ल्यूथर अ‍ॅडम्स या संगीतकाराने अलास्कातल्या फेअरबँक्सच्या संग्रहालयात २००६ साली अशी एक कायमची खोली उभी केली. भूकंपाच्या नोंदी, ध्रुवीय प्रकाशामागची चुंबकीय हालचाल, सूर्य-चंद्राची स्थिती हे सगळं त्या-त्या क्षणी येत राहतं आणि त्यानुसार खोलीतला नाद बदलतो. जमीन हलली की खोलवर ढोल, आकाशात प्रकाश नाचला की वर घंटांसारखा नाद. तिथल्या भूशास्त्रज्ञांच्या मदतीशिवाय हे घडलंच नसतं. पण एक ध्यानात घ्या : यात कोणत्या आकड्याला कोणता स्वर, हे कलाकार ठरवतो. म्हणून जबाबदारीही त्याचीच. आकडे पियानोवर वाजवून 'ऐका पृथ्वीचं संगीत' म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. तो पियानो असतो, पृथ्वी नव्हे.

आणखी एक, जरा रुक्ष. नावं कशी आणि कोणत्या क्रमाने लागणार, नोंदी नंतर कोण वापरू शकेल, हे पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहून घ्या. मैत्री असेल तर आधी. एका प्रदर्शनात माझं नाव 'तांत्रिक साहाय्य'खाली लागलं होतं, दिवे लावणाऱ्याच्या नावाखाली. दिवे चांगले होते.

प्रश्न : ओढ्याचा आवाज मोबाइलवर टिपला तर तो भुतासारखा घोगरा, मधेच गायब होणारा येतो. चांगलं यंत्र घ्यावंच लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. मोबाइलला माणसाचं बोलणं तेवढं महत्त्वाचं वाटतं, बाकीचा अखंड आवाज त्याच्या मते गोंगाट. ओढा तो इमानेइतबारे पुसून टाकतो. आवाज साफ करणारी आणि चढ-उतार आपोआप सांभाळणारी सोय बंद करता येईल असं रेकॉर्डिंग अ‍ॅप वापरा आणि फाइल आकाराने लहान न करता, वेव्ह (WAV) स्वरूपात साठवा. वाऱ्याकडे पाठ करा. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला. आज कंटाळा येईल, पण उद्या एखाद्या जलशास्त्रज्ञाला ती फाइल हवी असेल तर त्या चार शब्दांमुळेच हवी असेल.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडे कलाकार येतात, सूक्ष्मदर्शकातून पाहतात, 'किती सुंदर' म्हणतात, प्रदर्शन भरवतात. त्यांना विषय मिळतो. विज्ञानाला काय मिळतं? तुम्ही कलाकार असल्याने बाजू घ्याल, तरी विचारते.

उत्तर : बाजू घेत नाही. पुष्कळदा काहीही मिळत नाही. ओलाफुर एलियासन या कलाकाराने मिनिक रोसिंग या भूशास्त्रज्ञाबरोबर ग्रीनलंडच्या खाडीतले हिमखंड कोपनहेगन, पॅरिस आणि लंडनच्या चौकांत आणून ठेवले. लोक बर्फाला कान लावत. जुन्या काळी कोंडलेली हवा सुटताना आतून तडतड ऐकू येते. त्यातून एकही नवा शोध लागला नाही, आणि मला ते काम तरीही आवडतं.

पण तुम्हाला झाडाचंच उदाहरण देते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत पिन्यॉन पाइनची झाडं साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे मोठ्या प्रमाणावर मरत होती. डेव्हिड डन या संगीतकाराला प्रश्न पडला, सालीच्या आत ऐकू काय येत असेल? त्याने मांस भाजताना खुपसतात तसला स्वस्तातला थर्मामीटर घेतला आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रात असते तसली पातळ चकती त्याला जोडली. सुई सालीत गेली आणि आतून करकर, किरकिर, टकटक सगळं बाहेर आलं : भुंगेऱ्यांचे परस्परांना दिलेले आवाज आणि तहानलेल्या झाडाच्या आतली तडतड. २००६ साली त्याची सीडी निघाली. मग जेम्स क्रचफील्ड या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याने आवाज, भुंगेरे आणि तापमानवाढ यांचा संबंध मांडणारा निबंध लिहिला. पुढे कीटकशास्त्रज्ञांबरोबर तो प्रयोगशाळेतही शिरला. भुंगेऱ्यांना त्यांचेच आवाज बदलून ऐकवले तर त्यांचं पोखरणं आणि जोडी जमवणं बिघडतं का, हे तिथे तपासलं गेलं. भुंगेरे वासावर चालतात असं धरून चाललेल्या शास्त्रात हा माणूस कान घेऊन आला होता.

आणि बर्नी क्राउसचं कुरण. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या लिंकन मेडोमध्ये निवडक झाडं तोडायची होती, निसर्गाला धक्का लागणार नाही असं लोकांना सांगितलं गेलं होतं. क्राउस मूळचा संगीतकार. त्याने १९८८ मध्ये, तोडीच्या आधी, तिथली पहाट टिपली आणि वर्षभराने त्याच दिवसांत, त्याच जागी पुन्हा टिपली. दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही. आवाजात मात्र पक्ष्यांचा तो दाट थवा नाहीसा झालेला. उरला ओढा आणि एका सुतारपक्ष्याची टकटक. नंतरच्या अनेक वर्षांत तो पुन:पुन्हा गेला, पहिली पहाट परत मिळाली नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या कलाकारांनी काय बघितलं हे तुम्हीच लिहिलंय : सूक्ष्मदर्शक. म्हणजे काम संपल्यावरची काच. पुढच्या वेळी कुणी आलं तर प्रयोगशाळा दाखवूच नका. नमुने गोळा करायला पहाटे निघाल तेव्हा बरोबर घेऊन जा, आणि 'किती सुंदर' म्हणायला तोंड उघडलं की नोंदवही त्यांच्या हातात द्या.