ब्राइस यंग खरंच सुधारतोय का, की पँथर्सचे चाहते उगाच आशा लावून बसलेत?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी शार्लटला आल्यापासून सोमवारी सकाळी ऑफिसात याच एका विषयावर, म्हणजे इथल्या कॅरोलायना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) यंग याच्यावर, दोन तट पडलेले दिसतात आणि कोणाचं खरं ते कळत नाही. माझं उत्तर: हो, सुधारलाय. पण ते गुणफलकात शोधू नका, त्याचे पाय बघा.

आधी लोक एवढे चिडलेले का, ते सांगतो. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर मिळवायला पँथर्सने शिकागोच्या संघाला डीजे मूरसारखा कसलेला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) दिला, वर पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचे दोन निवडीचे हक्क दिले. एवढं मोजून आणलेला पोरगा पहिल्या मोसमात ६२ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आतच आडवा केला गेला. संघ १७ पैकी २ सामने जिंकला. ह्यूस्टनने दुसऱ्या नंबरवर घेतलेला सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक मात्र पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, खेळला. ती सल अजून गेलेली नाही. २०२४ चे पहिले दोन सामने ४७-१० आणि २६-३ असे हरल्यावर यंगला बाकावर बसवलं, तेव्हा मीसुद्धा म्हटलं, संपलं.

आमच्या शेजारी शाळेच्या संघाचे एक निवृत्त कोच राहतात. पायांकडे बघायचं मी त्यांच्याकडून शिकलो. ते टीव्हीचा आवाज बंद करतात, रीप्ले थांबवतात आणि पडद्याचा वरचा भाग तळहाताने झाकतात. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावलं मागे जातो. शेवटचं पाऊल टेकलं की चेंडू सुटायला हवा, कारण रिसीव्हर त्याच सुमाराला वळणार असतो. २०२३ मधला यंग पाचवं पाऊल टेकून आणखी दोनदा जागच्या जागी नाचायचा, मग टाचा मागे सरकायच्या. तोवर रिसीव्हरच्या अंगावर बचाववाला आलेला असायचा. क्रिकेटमध्येही फलंदाज वीस धावांवर बाद झाला तरी त्याचे पाय कसे हलत होते यावरून जाणकार फॉर्म ओळखतात, तसंच हे.

२०२४ च्या ऑक्टोबरात, यंगच्या जागी खेळणाऱ्या अँडी डाल्टनच्या अंगठ्याला गाडीच्या अपघातात दुखापत झाली आणि यंग परतला. आता दाब आला की तो मागे पळायचा नाही, अर्धं पाऊल पुढे घ्यायचा. रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस हे दोन गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे खेळाडू, त्या वर्षी आणले होते, त्यांचा वाटा यात मोठा आहे.

८ डिसेंबर २०२४ चा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना मी त्या कोचसोबतच बघितला. सहा गुणांनी मागे, शेवटचं मिनिट. यंगने लांबवर फेकलेला चेंडू थेट रिसीव्हर झेव्हियर लेगेटच्या हातात पडला आणि तो जमिनीवर आदळताना सुटला. २२-१६ हरलो. नोंदीत तो नुसता एक अपूर्ण पास. पण चेंडू सुटल्यावरही कोच उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला त्यांचं पटलं. फेकणाऱ्याचं काम त्याने चोख केलं होतं.

विरोधी तटाचा एक मुद्दा मात्र खरा आहे: सातत्य नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये घरच्या मैदानावर न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स संघाकडून १७-७ अशी हार, आणि पुढच्याच रविवारी अटलांटात यंगने चेंडू फेकून मिळवलेले ४४८ यार्ड, एका सामन्यातला पँथर्सच्या इतिहासातला उच्चांक. कोणत्या रविवारी कोणता यंग येईल ते सांगता येत नाही, आणि मोठा करार करताना संघाला हीच गोष्ट छळणार. तो लीगमधल्या पहिल्या पाच-सहांत जाईल असं मी आज म्हणणार नाही.

स्टेडियमवर जाणार असाल तर गोलपोस्टमागची वरच्या मजल्यावरची सीट घ्या. तिथून क्वार्टरबॅकभोवतीची फळी आणि त्याची पावलं दोन्ही सरळ रेषेत दिसतात. तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, चेंडूमागे नजर पळवू नका, पावलं मोजा. सोमवारी ऑफिसात तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल.