'पॉश' आणि आपलं 'पाशी'

प्रश्न असा आला आहे: 'पॉश' वाक्यात कसं वापरायचं, 'ट्रेंडी'च्या जागी ते चालतं का, आणि हा शब्द जहाजाच्या तिकिटावरून आला हे खरं का?

वापराचं आधी उरकतो. पॉश वस्ती, पॉश हॉटेल, 'ती फार पॉश राहते' हे सगळं ठीक, कारण त्यात पैसा दिसतो. ट्रेंडी म्हणजे नुसतं सध्या चलतीत असलेलं. गुडघ्यावर फाटलेली जीन्स ट्रेंडी असेल, पॉश नव्हे. तरी दुकानदार ती 'एकदम पॉश पीस आहे' म्हणून गळ्यात मारतात आणि गिऱ्हाईकही तेच बोलू लागतं. ऑफिसातला लैंगिक छळ रोखणारा 2013 चा 'पॉश' (Prevention of Sexual Harassment) कायदा निराळा. तिथे खरोखरच आद्याक्षरं आहेत.

जहाजाची गोष्ट मात्र डोक्यात जाते. विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन थंड राहायची, म्हणून बड्या लोकांच्या तिकिटावर 'पोर्ट (डावी बाजू) आउट, स्टारबोर्ड (उजवी बाजू) होम'ची P-O-S-H ही आद्याक्षरं मारत, म्हणे! असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. ऐटबाज या अर्थाने 'पॉश' 1914 च्या सुमारास छापील मिळतो, आणि ही कथा छापून येते 1935 मध्ये. शिकलेली माणसंही ती ठासून सांगतात, याचा संताप येतो.

खरी मौज पुढे आहे. 1830 मध्येच लंडनच्या चोरांच्या बोलीत 'पॉश' म्हणजे पैसे. युरोपातल्या भटक्या 'जिप्सी' लोकांच्या रोमानी भाषेत 'पाश' म्हणजे अर्धा, आणि इंग्लंडातले रोमानी लोक अर्ध्या पेनीला 'पॉश-होरी' म्हणत. रोमानी ही मूळची भारतातली भाषा. तिचा हा 'पाश' संस्कृत 'पार्श्व'मधून आला: बाजू, मग दोनांतली एक बाजू, मग अर्धा. त्याच 'पार्श्व'मधून मराठीत 'पाशी' आणि 'पासून' आले. आईपाशी बसलेल्या पोराच्या तोंडी जो शब्द, त्याचाच चुलतभाऊ लंडनच्या गल्लीत नाणं होऊन खुळखुळत होता! इंग्रजीतला 'पाल', म्हणजे दोस्त, हाही रोमानीच, 'भ्रातृ'पासून आलेला. तेव्हा ही वाट काही अनोळखी नाही.

इंग्रजी कोशकार इथे 'व्युत्पत्ती अनिश्चित' लिहून थांबतात. अर्ध्या पेनीवरून श्रीमंती कशी येईल, अशी शंका काढली जाते. ती शंका मराठी माणसाला पडूच नये. आपल्याकडे 1957 पर्यंत रुपयाला 64 पैसे होते. एवढ्याशा नाण्याचं नाव आपण सगळ्या संपत्तीला दिलं आणि त्यावरून 'पैसेवाला' बनवला. 'पॉश'ही नाण्यावरून पैशावर आणि पैशावरून ऐटीवर गेला, असंच मी मानतो. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी याहून चांगली वाट दाखवावी. कोऱ्या रकान्याला मी उत्तर मानत नाही.