टॅटूचे पापुद्रे निघतायत: पाचव्या दिवसाच्या घाबरगुंडीबद्दल

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गेल्या शुक्रवारी हाताच्या आतल्या बाजूला राजमुद्रा काढून घेतलीस. आता पाचव्या दिवशी अंघोळ करताना काळे पापुद्रे सुटतायत आणि कडेची दोन-तीन अक्षरं पुसट दिसतायत. आई हळद लाव म्हणते, मित्र सोफ्रामायसिन लाव म्हणतात, आणि रविवारी भुशी डॅमची ट्रिप ठरलीय. तुझ्या त्या एका ओळीवरून, 'ताई, दिवसातून सहा वेळा क्रीम लावतोय तरी असं का', मला माझाच पहिला टॅटू आठवला.

आधी अक्षरांचं बघू. सुई त्वचेच्या वरच्या थरातून आत जाऊन खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर शाई सोडते. वाटेत वरच्या थरातही थोडी शाई सांडतेच. तो वरचा थर जखमी झालाय, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो सापाच्या कातीसारखा सुटायला लागतो आणि आपल्याबरोबर ती सांडलेली शाई घेऊन जातो. बाथरूमच्या फरशीवर 'वर्धिष्णु'मधला 'व' पडलेला बघून पोटात गोळा येतो, मला मान्य आहे. पण खरा 'व' खाली शाबूत आहे. तिथे पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या पेशींनी शाईचे कण गिळून धरून ठेवलेले असतात. 2018 साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती उचलून घेते. म्हणजे एका पिढीने ठेव पुढच्या पिढीच्या हाती द्यावी तसं.

पापुद्रे गेल्यावर आणखी एक फसवा टप्पा येईल. टॅटूवर बटर पेपर ठेवल्यासारखं दुधी, चकचकीत दिसेल. नवी त्वचा अजून नीट घडलेली नसते, म्हणून तसं दिसतं. वरून जखम दोन-तीन आठवड्यांत भरते, आतून जुळून यायला दोन-तीन महिने लागतात. कुठलं अक्षर खरंच गेलंय का, हे दीड-दोन महिन्यांच्या आत ठरवू नकोस आणि तोवर टच-अपलाही जाऊ नकोस. राजमुद्रेच्या बाबतीत एक कटू गोष्ट सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. त्या अष्टकोनात मजकूर फार आणि अक्षरं बारीक. शाई वर्षागणिक थोडी पसरतेच, त्यामुळे आकार लहान घेतला असशील तर जोडाक्षरांची पोटं कालांतराने भरतात. हे बरं होण्याशी संबंधित नाही, टच-अपने सुधारणारंही नाही.

आता सहा वेळा क्रीमबद्दल. माझा पहिला टॅटू 2011 सालचा, घोट्यावरचा. मी इतकी काळजी घेतली की विचारू नकोस. मलमाचा जाड थर, वर स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिक, तेही दोन दिवस तसंच. खाली त्वचा पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी पांढरी, लिबलिबीत झाली. खपली मऊ पडली आणि तिसऱ्या दिवशी मोज्याबरोबर अख्खी निघून आली. तिथे आजही फुलाची एक पाकळी अर्धीच आहे. नंतरचे सहा टॅटू मी जवळजवळ काहीही न करता बरे केले आणि त्यातला एकही बिघडला नाही. टॅटू हयगयीने बिघडतात तितकेच, किंबहुना जास्तच, लाडाने बिघडतात.

तेव्हा असं कर. दिवसातून दोनदा, फार तर तीनदा, आधी हात स्वच्छ धुऊन मग कोमट किंवा साध्या पाण्याने आणि बिनवासाच्या सौम्य साबणाने बोटांच्या पेरांनी टॅटू धू. स्क्रबर, घासणी, उटणं काही नको. टॉवेलने पुसू नकोस, त्याच्या धाग्यात खपली अडकते आणि घरच्या टॉवेलमध्ये जंतूंचं अख्खं गाव असतं. टिश्यू पेपरने टिप आणि दहा मिनिटं वाऱ्यावर सुकू दे. मग बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. किती? तुझ्या तळहाताएवढ्या टॅटूला हरभऱ्याच्या डाळीएवढं. लावल्यावर त्वचा तुकतुकीत दिसली पाहिजे, तेलकट नाही. जास्त झालं तर टिपून काढ. जुलैतल्या दमट हवेत तर एका वेळी लावून भागतं.

खाज सुटेल, आणि रात्री जास्त सुटेल. नखं काप. फार झालं तर शेजारच्या त्वचेवर थोपट, किंवा स्वच्छ कापडात गुंडाळलेला गार पॅक मिनिटभर धर. सुटत आलेला पापुद्रा ओढायचा मोह होईल. तो स्वतःहून गळू दे. झोपताना खाली आईची जुनी सुती साडी अंथर. सकाळी कापड चिकटलेलं दिसलं तर खेचू नकोस, पाण्याने भिजवून सोडव.

आईच्या हळदीचं काय करायचं? माझ्या आजीच्या हातावर तुळस गोंदलेली होती आणि तीही सांगायची की गोंदवल्यावर हळद-तेल लावायचे. त्यामुळे आईला 'तुला काय कळतंय' म्हणू नकोस. पण मसाल्याच्या डब्यातली पूड निर्जंतुक नसते, तिचे कण ओल्या जखमेत रुतून बसतात, आणि पिवळ्या डागांखाली लाली वाढतेय की कमी होतेय हे दिसतच नाही. दुधात घालून दे म्हणावं, ती पी. वांगं आणि मासे खाऊ नकोस, जखम चिघळेल, असंही घरात कुणी सांगेल. मी सातही वेळा सगळं खाल्लंय.

सोफ्रामायसिन मात्र खरंच नको. त्यातल्या औषधाच्या गटाची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते, मग पुरळ उठतं आणि आपण इन्फेक्शन समजून आणखी मलम थापतो. शिवाय जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिक कशाला? त्याहून वाईट म्हणजे केमिस्ट 'खाजेवर बेस्ट' म्हणून देतात ती तीन-तीन औषधांची मिश्रणं. त्यात स्टेरॉइड असतं, खाज थांबते खरी, पण जखम भरणं मंदावतं आणि संसर्ग असेल तर तो झाकला जातो. डेटॉलही लांबच ठेव.

रविवारची भुशी डॅम. जा, पण पाण्यात उतरू नकोस. तिथे जाऊन काठावर भजी खात बसणं तुला जमणार नसेल, तर जाऊच नकोस. आत्ता तुझा हात म्हणजे उघडी जखम आहे. पावसाळ्यात मुंबईत लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, रुग्ण का वाढतात, तर उंदरांचं मूत्र मिसळलेलं साचलेलं पाणी अशाच जखमांमधून शिरतं. त्यामुळे गुडघाभर पाण्यातून घरी यावं लागलं तर तो हात वर धर आणि घरी आल्या आल्या धू. समुद्रही तसाच. अमेरिकेत टॅटूनंतर पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहलेल्या एका 31 वर्षांच्या माणसाचा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला होता, 2017 मध्ये ती केस एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याचं यकृत आधीच खराब होतं, हे खरं. पण तीन-चार आठवडे डबकं, डॅम, स्विमिंग पूल, समुद्र सगळं बंद. शॉवर चालतो.

लोकलच्या गर्दीत आणि बाईकवर सैल सुती फुल शर्ट घाल. उन्हासाठी मिळतात त्या नायलॉनच्या ताणलेल्या बाह्या नकोत, त्या घासतात आणि घाम कोंडतात. खपल्या असेपर्यंत सनस्क्रीन लावायचं नाही, झाकायचं. पूर्ण बरं झाल्यावर मात्र एसपीएफ 30च्या वरचं सनस्क्रीन कायमचं, कारण शाई फिकी पडते ती मुख्यतः उन्हाने. जिम आठवडाभर थांबली तर दंड गळून पडत नाहीत.

आता जे खरंच बघायचं ते. पहिले दोन-तीन दिवस लाली, सूज, ठणका, पातळ लस येणं हे सगळं ठीक. त्यानंतर रोज थोडं कमी व्हायला हवं. उलट तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली पसरत चालली, हात गरम लागतोय, दुखणं वाढतंय, दाट पिवळा-हिरवा पू येतोय, ताप आलाय, किंवा टॅटूपासून काखेकडे लाल रेघ निघालीय, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आर्टिस्टला फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नकोस. त्याला शाई कळते, सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेत खोलवर पसरणारा जंतुसंसर्ग, ओळखणं त्याचं काम नव्हे. मधुमेह असेल तर आणखी लवकर जा.

काही आठवड्यांनी, सगळं बरं झाल्यावर, शेडिंगच्या भागातच बारीक लाल पुटकुळ्या उठल्या आणि जात नाहीत असं झालं तर त्वचारोगतज्ज्ञाला 'इथे टॅटू काढलाय' हे आवर्जून सांग. 2011च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच आर्टिस्टच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना असं झालं होतं. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ आधीच पातळ करून आलेल्या करड्या शाईतून आत गेला होता. नेहमीच्या मलमाने तो हलत नाही, अँटिबायोटिक महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. हे क्वचित होतं, पण निदान चुकतं ते बहुतेक वेळा टॅटूचा उल्लेखच न केल्यामुळे.

रक्तदान करत असशील तर वर्षभर थांबावं लागेल, कॉलेजच्या शिबिरात लपवू नकोस.

तू वर्णन केलंयस त्यावरून मला सगळं ठीक वाटतंय, पण बघितल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. फोटो टाक. क्रीम लावायच्या आधी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढ. क्रीमच्या चकाकीत लाली दिसत नाही.