कारवारला आलेला किड आणि लंडनचा खटला : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न (खानापूर) : कप्तान किडच्या चाचेगिरीशी आपल्या बाजूचा काही संबंध होता का?

उत्तर : होता. घाटावरचे कापड आणि मिरी कारवारच्या इंग्रज वखारीतून जहाजांवर चढत असे. १६९७ च्या सप्टेंबरात विल्यम किड तेथे पाणी व लाकूडफाटा घेण्यासाठी थांबला. त्याच्याजवळ चाच्यांना पकडण्याचा इंग्लंडच्या राजाचा परवाना होता. पण त्याच्या जहाजावरून पळालेल्या खलाशांनी वखारवाल्यांना निराळीच हकीकत सांगितली : किड स्वतःच चाचेगिरीवर निघाला आहे.

प्रश्न (बेळगाव, विधी शाखेचा विद्यार्थी) : खटला चाचेगिरीचा असताना प्रथम खुनाचा आरोप का चालवला?

उत्तर : ३० ऑक्टोबर १६९७ रोजी भांडणाच्या भरात किडने तोफची विल्यम मूरच्या डोक्यात लोखंडी पट्ट्यांची लाकडी बादली हाणली आणि मूर दुसऱ्या दिवशी मरण पावला. खलाशी बंडाच्या तयारीत होते, हा किडचा बचाव ज्यूरीने मानला नाही. अचानक उद्भवलेल्या भांडणातला एकच घाव हा खून की सदोष मनुष्यवध, हा वाद आजचा वकीलही पोटतिडकीने घालेल, आणि माझ्या मते तो तेव्हाही पुरेसा घातला गेला नाही. कारण गंभीर गुन्ह्यातील आरोपीच्या वकिलाला त्या काळी केवळ कायद्याच्या मुद्द्यावर बोलता येई. वस्तुस्थितीबाबत साक्षीदारांची उलटतपासणी आरोपीनेच करायची. ही अडचण इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने दूर झाली.

चाचेगिरीच्या आरोपांत तर कागदांनीच घात केला. लुटलेल्या दोन जहाजांवर फ्रेंच परवाने सापडल्याने ती शत्रूची, म्हणून कायदेशीर लूट, असे किडचे म्हणणे होते. पण ते परवाने न्यायालयात आलेच नाहीत आणि विसाव्या शतकात लंडनच्या दफ्तरखान्यात मिळाले. त्याच्याविरुद्ध मुख्य साक्ष दिली ती त्याच्याच जहाजावरचा शल्यवैद्य आणि एक खलाशी अशा दोन माफीच्या साक्षीदारांनी. २३ मे १७०१ रोजी त्याला फाशी दिले. पहिला दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवले.

प्रश्न (निपाणी) : त्याला लंडनलाच का नेले?

उत्तर : १६९९ मध्ये तो अमेरिकेतील इंग्रज वसाहतीत, बोस्टनला पकडला गेला, आणि चाच्यांवरील खटल्यांसाठी वसाहतीत किमान सात सदस्यांच्या, ज्यूरीविना चालणाऱ्या न्यायासनाची सोय करणारा कायदा त्यानंतर, १७०० मध्ये झाला.

प्रश्न (बेळगाव) : मग कान्होजी आंग्रेही चाचेच ठरतात का?

उत्तर : नाही. त्यांना सरखेल (आरमारप्रमुख) हे पद मराठा राज्याने दिले होते आणि १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले. आरमाराचा दस्तक न घेता जाणारे जहाज ते अडवत. पोर्तुगीजही आपला परवाना न घेतलेली जहाजे असेच अडवत. 'चाचा' हा शब्द इंग्रजांनी आपल्या शत्रूसाठी वापरला. कान्होजींवर कोणत्याही न्यायालयात खटला चालला नाही.