कपाटातला नोकिया ५८०० : वाचकांचे प्रश्न

टचस्क्रीन फोन अजून नवलाईचे होते तेव्हा, २ ऑक्टोबर २००८ रोजी, नोकियाने ५८०० एक्स्प्रेसम्युझिक जाहीर केला. सिम्बियन एस६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पाचव्या आवृत्तीवर चालणारा हा पहिला फोन. या महिन्याचे सगळे प्रश्न त्याच्याविषयीच आहेत.

प्रश्न (सांगली) : वडिलांचा ५८०० कपाटात सापडला. मायक्रो-यूएसबी केबल लावून रात्रभर ठेवला, तरी चार्ज होत नाही. फोन गेला का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. या फोनच्या मायक्रो-यूएसबीतून फक्त डेटा जातो, चार्जिंग होतच नाही. चार्जिंगसाठी वेगळं बारीक छिद्र आहे, त्याला नोकियाची २ मिमीची पातळ पिन लागते. जुना पातळ पिनचा चार्जर घरात नसेल, तर एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला ही पिन असलेली केबल घ्या.

पण पिन लावण्याआधी मागचं झाकण काढून बॅटरी बघा. ती सपाट टेबलावर ठेवून बोटाने गिरकी द्या. भोवऱ्यासारखी फिरली तर पोटात फुगली आहे. अशी बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुगलेली नसेल तर तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा आणि चार्जरला लावा. वर्षानुवर्षं रिकामी राहिलेली बॅटरी पहिला अर्धा तास स्क्रीनवर काहीच दाखवत नाही, तेवढा धीर धरा. मात्र फोन जवळच असू द्या आणि मधून मधून हात लावून बघा. गरम होऊ लागला किंवा तासाभरानेही जिवंत झाला नाही, तर बॅटरी बदला.

मॉडेल बीएल-५जे, ३.७ व्होल्ट, १३२० एमएएच. हीच बॅटरी नोकियाच्या ५२३०, एक्स६, सी३, एन९०० आणि पुढे ल्युमिया ५२० मध्येही बसायची, त्यामुळे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अजून मिळू शकते. १४३० एमएएच लिहिलेली असली तरी चालते.

प्रश्न (पुणे) : फोन चालू झाला, पण स्क्रीन बोटाला दाद देत नाही. दाबावं लागतं. एका कोपऱ्यात तर बोट एकीकडे आणि टच भलतीकडेच. स्क्रीन बदलावी का?

उत्तर : दाबावं लागतं हा दोष नाही, या स्क्रीनची रीतच तशी आहे. आजच्या फोनची काच बोटाच्या स्पर्शाने बदललेला विद्युतभार ओळखते. ५८०० ची ३.२ इंची स्क्रीन रेझिस्टिव्ह आहे. म्हणजे वर लवचिक प्लॅस्टिकचा थर आणि खाली दुसरा थर, दोन्हींवर वीज वाहणारा पारदर्शक लेप आणि मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे टिपके, दोन थर आपोआप चिकटू नयेत म्हणून. तुम्ही दाबता तेव्हा वरचा थर वाकून खालच्याला टेकतो आणि त्या जागचा व्होल्टेज मोजून फोन आधी आडवी, मग उभी जागा काढतो. म्हणून नख, पेनचं टोपण, हातमोजा, काहीही चालतं. म्हणूनच फोनच्या पाठीत स्टायलस खोचलेला आहे आणि खोक्यात गिटारच्या पिकसारखा त्रिकोणी तुकडाही दिला होता. दोन बोटं एकदम टेकवून पाहा: फोनला दोन स्पर्श कळत नाहीत, तो दोघांच्या मधली जागा धरतो. चिमटीने फोटो मोठा करणं या स्क्रीनला जमणारच नाही.

बोटाच्या मऊ भागाऐवजी नखाच्या कडेने वापरा, अर्धी तक्रार तिथेच संपेल.

कोपऱ्यातली गडबड मात्र खरी आहे. तिचं नेहमीचं कारण म्हणजे चौकट आणि स्क्रीन यांच्या फटीत साचलेली धूळ. ती तिथल्या थराला सतत दाबून धरते. फोन बंद करा, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा फटीतून अलगद फिरवा, मग कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी किंवा स्पिरिट वापरू नका, ते थरांमध्ये शिरतं. जाड स्क्रीनगार्ड चौकटीखाली अडकला असेल तर काढून टाका. मग सेटिंग्ज, फोन, टच इनपुट या वाटेने टच स्क्रीन कॅलिब्रेशनमध्ये (स्पर्शाची जागा जुळवून घेण्याच्या सोयीत) जा आणि दाखवलेल्या खुणांवर स्टायलसच्या टोकाने नेमकं दाबा. हे बोटाने करू नका. बोट खुणेपेक्षा जाड असतं आणि पुन्हा कॅलिब्रेशन करेपर्यंत चूक तशीच राहते. इतकं करूनही एका पट्ट्यात टच लागतच नसेल, तर लेपाला चीर गेली आहे आणि टच पॅनेल बदलावंच लागेल.

प्रश्न (डोंबिवली) : कॉल लागतो, पण कानाला लावलं की काही ऐकू येत नाही. स्पीकरवर मात्र स्वच्छ आवाज.

उत्तर : इअरपीस गेलेला आहे. पहिल्या काही महिन्यांतल्या ५८०० मध्ये हा दोष बराच होता. इअरपीसचे कॉन्टॅक्ट दमटपणा पुरेसा सोसत नव्हते. नोकियाने २००९ च्या सुरुवातीला ते मान्य करून भाग बदलला. आपल्या पावसाळी हवेत आणि घामाने तो जास्त त्रास द्यायचा. दुरुस्तीवाल्याला थेट इअरपीस बदलायला सांगा, फोनचा मुख्य सर्किट बोर्ड तापवू देऊ नका. तोवर ३.५ मिमी जॅकला हेडसेट लावून बोलता येईल.

प्रश्न (नाशिक) : कोणतं सिम चालेल? व्हॉट्सॲप येईल का?

उत्तर : जिओचं नाही, कारण ते नेटवर्क फक्त ४जी आणि त्यापुढचं आहे. २जी चालू असलेल्या कंपनीचं सिम घ्या आणि नेटवर्क मोड जीएसएमवर (म्हणजे २जीवर) ठेवा. ३जी शोधत राहण्यात बॅटरी जाते. व्हॉट्सॲपने एस६० फोनांचा आधार ३० जून २०१७ नंतर काढून घेतला. बहुतेक वेबसाइटही उघडणार नाहीत, कारण त्यांची आजची सुरक्षा या फोनच्या ब्राउझरला येत नाही. कॉल, एसएमएस, गाणी, एफएम रेडिओ, कॅमेरा एवढं व्यवस्थित चालतं.

सिमच्या आकाराची काळजी घ्या. खाच डाव्या बाजूला आहे आणि तिला जुनं मोठं सिम लागतं. नॅनो सिम ॲडॉप्टरमध्ये घालून सरकवलं तर ॲडॉप्टरची कड आतल्या पातळ पत्र्यांना अडकते. ओढायला जाल तर पत्रे वाकतील. नवं सिम घेताना तिहेरी कापाचं मागा आणि फक्त बाहेरच्या, मोठ्या रेषेवर तोडा. काढायच्या वेळी आधी बॅटरी काढा, मग तिच्या जागेतून स्टायलसच्या टोकाने सिम बाहेर ढकला.

प्रश्न (कोल्हापूर) : आयफोन आलेला असताना लोकांनी हा का घेतला?

उत्तर : आयफोन ३जी भारतात ऑगस्ट २००८ मध्ये आला तो ८ जीबीला ३१,००० रुपयांना. त्यात व्हिडिओ काढता येत नव्हता, एमएमएस नव्हता, कॉपी-पेस्टही नव्हतं. ५८०० मध्ये हे सगळं होतं, शिवाय खोक्यात ८ जीबीचं कार्ड, बदलता येणारी बॅटरी, ३.२ मेगापिक्सेलचा कार्ल झाइस कॅमेरा आणि ६४० × ३६० ची धारदार स्क्रीन. जानेवारी २००९ मध्येच नोकियाने १० लाख फोन रवाना झाल्याचं सांगितलं.

उणी बाजू सॉफ्टवेअरची. एस६० मुळात बटणांसाठी घडवलेली. टच तिच्यावर चढवला. त्यामुळे मेनूतल्या चित्रावर एकदा टेकवलं की ते उघडतं, यादीतल्या ओळीवर मात्र एकदा टेकवून निवडायचं, पुन्हा टेकवून उघडायचं. सवय झालेल्यांनाही हे खटकत राहिलं, आणि आमच्या मते आयफोनशी खरी हार इथेच झाली. पुढच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ कॉल होऊ शकायचा, पण खासगी कंपन्यांचं ३जी भारतात २०१० अखेरीस सुरू झालं, तोवर तो बहुतेकांकडे पडूनच होता. मराठी वाचायला लोकांनी ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये वाट काढली: ॲड्रेसच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय ‘येस’ करायचा. अक्षरं सर्व्हरवरून चित्र होऊन यायची, डेटा जास्त जायचा, पण जोडाक्षरं नीट दिसायची.

प्रश्न (अमरावती) : ‘मेमरी फुल’ येतं. सगळं पुसून नव्यासारखा करता येईल?

उत्तर : फोनची स्वतःची जागा जेमतेम ८१ एमबी आहे आणि मेसेज मुळात तिथेच साठतात. मेसेजिंगच्या सेटिंग्जमध्ये ‘अदर’ खाली मेमरी कार्ड निवडा, बहुधा तेवढ्यानेच भागेल.

पूर्ण पुसायचं असेल तर आधी कॉन्टॅक्ट ब्लूटूथने दुसऱ्या फोनवर पाठवा, कारण नंतर ते परत मिळत नाहीत. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. मग *#७३७०# दाबा आणि लॉक कोड द्या. बदललेला नसेल तर तो १२३४५ असतो. फोन सुरूच होत नसेल तर बंद अवस्थेत हिरवं, लाल आणि कॅमेऱ्याचं बटण एकत्र दाबून धरा, तसंच पॉवर दाबा आणि नोकियाचं नाव दिसेपर्यंत एकही बोट उचलू नका. मेमरी कार्ड आधी काढून ठेवा.