बिग बँग मानणं आणि देव मानणं, दोन्ही श्रद्धाच ना?

तुमचं म्हणणं असं: बिग बँग, म्हणजे विश्वाचा तप्त आरंभ, कुणी पाहिला नाही, देवही कुणी पाहिला नाही, मग एकाला विज्ञान आणि दुसऱ्याला श्रद्धा का म्हणायचं?

पाहिलं की नाही यावर अडू नका. साक्षीदार नसलेल्या खुनाचाही निकाल लागतो. मी विचारीन ते एवढंच, की हे म्हणणं खोटं ठरायचं तर काय दिसायला हवं? नवस फळला तर देव पावला, नाही फळला तर देव परीक्षा बघतोय. या हिशेबात देव हरूच शकत नाही. बिग बँग हरू शकला असता.

१९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड हे शास्त्रज्ञ म्हणत होते की विश्वाला आरंभच नाही. ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य थोडं थोडं निर्माण होत राहतं. त्याच वर्षी आल्फर आणि हर्मन यांनी उलट बाजूने गणित मांडलं: आरंभ तप्त असेल तर त्याची ऊब अजून सगळीकडे उरलेली असणार, निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्या तापमानाच्या, वर सुमारे ५ अंश. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात एक खरखर ऐकू येऊ लागली. कबुतरांची घाणसुद्धा साफ करून झाली, तरी ती जाईना. ती म्हणजे रेडिओ लहरींच्या रूपात उरलेली तीच ऊब होती; हिशेब केला तर तापमान निघालं सुमारे ३ अंश. हे दोघं ती ऊब शोधायला निघालेच नव्हते, हे मला यात सगळ्यात आवडतं. विश्वाला आरंभ नाही म्हणणाऱ्या हॉईल यांच्या बाजूचे बहुतेक लोक हळूहळू गळाले.

जयंत नारळीकर गळाले नाहीत. ते केंब्रिजला हॉईल यांचे विद्यार्थी. १९९३ साली हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी तोच सिद्धांत सुधारून मांडला, आणि ही ऊब ताऱ्यांच्याच प्रकाशातून, लोखंडाच्या सुईसारख्या सूक्ष्म कणांमुळे कशी येऊ शकेल तेही सांगितलं. बहुतेकांना ते पटलं नाही. पण पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक होते आणि पुढे पद्मविभूषणही झाले. बिग बँग हा शास्त्रज्ञांचा धर्म असता तर अशा पाखंड्याला हे मिळालं असतं का?

याचा अर्थ श्रद्धा फालतू, असं मी म्हणत नाही. वारकरी पंढरीला काही सिद्ध करायला जात नाही. मात्र कुणी ‘अंगाऱ्याने आजार बरा होतो’ म्हणाला, की तो परीक्षेला बसला. मग निकाल मान्य करावा. आणि ‘विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलंय’ असं ठणकावणाऱ्या नास्तिक मित्रांनाही मी पुरावा मागतो. अजून कुणी दिलेला नाही.

राहिला तुमचा दुसरा मुद्दा, की बिग बँगच्या आधी देवच असणार. १९५१ साली पोप पायस बारावे यांनीही या सिद्धांतात सृष्टीच्या निर्मितीचा दाखला पाहिला होता. ते रुचलं नाही जॉर्ज लमेत्र यांना, म्हणजे विश्वाच्या आरंभाची ही कल्पना १९३१ साली मांडणाऱ्या शास्त्रज्ञालाच. ते स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे आणि देव नाकारणाऱ्यालाही तो मोकळाच ठेवतो, असं त्यांचं मत होतं.